सरावाचं मैदान आणि एक इंचाची सवलत

यंत्रमानवाचं कौतुक सगळ्यांना असतं. मैदान कोणी केलं, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. घरी पाहुणे येतात, चहा घेतात आणि माझ्या नातीला म्हणतात, "अगं, तुझा तो रोबो दाखव की." सगळे मिळून खाली पार्किंगमध्ये जातात. चाकं फिरतात, चेंडू उडतो, टाळ्या होतात. चेंडू ज्या पेटीत पडला ती पेटी, तिला जोडलेली पन्हळ, पन्हळीचं दार, दाराची बिजागरी यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. परवा एका गृहस्थांनी त्या पेटीच्या काठावर कपबशी ठेवली. त्या काठाची उंची ३८.७५ इंच आहे. ती साधायला काय काय करावं लागलं हे मी त्यांना सांगायला घेतलं, तर त्यांनी घड्याळ पाहिलं. तुम्ही घड्याळ पाहणार नाही असं धरून चालतो. चहा घ्या आणि शांतपणे ऐका.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ साली फर्स्ट नावाची संस्था काढली. तिच्या अनेक स्पर्धांपैकी फर्स्ट टेक चॅलेंज ही साधारण बारा ते अठरा वर्षांच्या मुलांची. आपल्याकडे मुंबई-पुण्यातही तिच्या टीम आहेत. मुलांनी यंत्रमानव तयार करायचा, सुरुवातीला तो १८ इंचांच्या घनात मावला पाहिजे. सामना अडीच मिनिटांचा. पहिली तीस सेकंद यंत्राने स्वतःच्या बुद्धीने खेळायचं, पुढची दोन मिनिटं मुलांनी ते चालवायचं. मैदान १२ फूट बाय १२ फूट, त्यावर २४ इंची फोमच्या ३६ चौकोनी गाद्या. इथपर्यंत सर्व ठीक आहे. अडचण अशी की खेळ दर वर्षी नवा असतो. सप्टेंबरात तो जाहीर होतो, आणि जाहीर झाल्याक्षणी मागच्या वर्षीचं मैदान निकामी होतं. खरं मैदान अमेरिकेतून मागवावं, तर सामानाइतकंच जहाजभाडं आणि जकात भरावी लागते. म्हणून ते घरी करायचं. घरी म्हणजे कोणी, हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही. माझी उभी नोकरी बांधकाम खात्यात मोजमाप पुस्तिका लिहिण्यात गेली, हे टीमच्या पालकसभेत कोणीतरी बोललं आणि ठराव एकमताने मंजूर झाला. मला त्या सभेचं बोलावणं नव्हतं.

गेल्या वर्षीचा खेळ ६ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झाला. त्याचं नाव डीकोड. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. बाहेर ढोल-ताशे चालू आणि घरात सात मुलं एका पडद्यापुढे. जांभळे आणि हिरवे चेंडू पेटीत टाकायचे, ते पन्हळीतून ओळीने उतरतात, आणि रंगांचा क्रम ठरल्याप्रमाणे लागला तर जास्त गुण. कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. मुलं उड्या मारत होती. मी नकाशे उघडले. दुसऱ्या दिवशीही मिरवणूक चालूच होती आणि पेठांतली दुकानं बंद. पुण्यातल्या टीमला कामाला लागायला उशीर झाला तो इथेच. याची दखल कुठे घेतली गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आता मापांकडे या. नियमावलीत प्रत्येक माप इंचांत असतं आणि पुढे कंसात सेंटिमीटर. त्या सेंटिमीटरच्या आधी 'अंदाजे' असं दाखवणारं नागमोडी चिन्ह असतं. ३८.७५ इंच, आणि कंसात अंदाजे ९८.४ सेंटिमीटर. इंचवाल्यांना पक्कं माप आणि सेंटिमीटरवाल्यांना अंदाज. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापं स्वीकारली. शाळेत आम्हाला मिलिमीटर शिकवले, त्याच मिलिमीटरांत मी रस्त्यांचे थर मोजले, आणि निवृत्तीनंतर माझ्या हाती नागमोडी चिन्ह आलं. ३८.७५ ला २५.४ ने गुणलं की ९८४.२५ मिलिमीटर येतात. तो पाव मिलिमीटर कंसात कुठे गेला, हे मी टीमच्या मार्गदर्शक सरांना विचारलं. ते म्हणाले, "आबा, चालतं हो तेवढं." अडतीस वर्षं मोजमापं लिहिलेल्या माणसाला असं म्हणू नये.

बरं, आपला बाजार तरी एका मापाने चालतो का? भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा. प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार फूट, आणि जाडी मात्र मिलिमीटरमध्ये. एकाच वस्तूच्या लांबी-रुंदीला एक पद्धत आणि जाडीला दुसरी. त्यातही १२ मिलिमीटर म्हणून घेतलेलं प्लाय घरी व्हर्नियरने मोजलं तर ११ च्या आसपास भरलं. परत गेलो. दुकानदार म्हणाले, "साहेब, बारा म्हणजे बाराच्या मालातलं." बाराच्या मालातलं अकरा मी पेटीच्या तळाला लावलं, तेव्हा काठ एक मिलिमीटर खाली आला. तो वर आणायला तळाखाली एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घातला. पाऊस अजून उतरला नव्हता. पुठ्ठ्याने ओल धरली, प्लायनेही धरली, आणि परतीच्या पावसात काठ होता त्यापेक्षा वर गेला. जूनमध्ये दमट हवेत सागवानी दार घासतं म्हणून आपण सुताराला बोलावतो, दार तासून घेतो, विषय मिटतो. इथे मिटत नाही. इथे रोज सकाळी उठून उंची मोजावी लागते आणि तारीख घालून लिहून ठेवावी लागते. ती वही माझ्याजवळ आहे. अजून कोणी मागितलेली नाही.

नळाची गोष्ट तर मी कोणालाही सांगायला तयार आहे. २०२२ च्या हंगामात पॉवरप्ले नावाचा खेळ होता. गाद्या जिथे जिथे मिळतात तिथे तिथे ठाणी, एकूण २५. त्यांतली नऊ जमिनीलगत, बाकीच्या सोळांवर स्प्रिंगच्या बुडाचे खांब, १३.५, २३.५ आणि ३३.५ इंच उंचीचे. यंत्रमानवाने प्लास्टिकचे शंकू त्या खांबांवर ओवायचे. खांबाची जाडी एक इंच. बोहरी आळीत गेलो आणि एक इंची पीव्हीसी नळ मागितला. दिला. घरी मोजला तर बाहेरून तेहतीस मिलिमीटरच्या वर. पुन्हा बोहरी आळी. "काका, नळाचा इंच आतून धरतात." आतून मोजला. आतूनही इंच नाही. म्हणजे एक इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत आत-बाहेर कुठेच इंच नाही, आणि ही गोष्ट त्या आळीत प्रत्येकाला माहीत आहे. शेवटी इंच सापडला तो इलेक्ट्रिकच्या दुकानात. भिंतीत वायर घालायच्या नळीचं माप बाहेरून धरतात. २५ मिलिमीटरची नळी घेतली, इंचाला जवळजवळ चिकटून. ज्यांना पुढेमागे एक इंचाचा खांब करायचा असेल त्यांनी ही माहिती टिपून ठेवावी, माझी पायपीट तरी कारणी लागेल.

स्प्रिंग जुन्या बाजारात मिळाल्या. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, म्हणजे सोमवारी तुटलेल्या स्प्रिंगला बुधवारपर्यंत वारस नाही. सोफ्याची स्प्रिंग इतकी ताठ की खांब हलायलाच तयार नाही, आणि यंत्रमानव त्याला धडकून स्वतः मागे सरकायचा. मुलांनी त्यावरच सराव केला. खऱ्या मैदानावर खांब डोलतात. ताठ खांबावर शिकलेलं यंत्र डोलत्या खांबापुढे काय करणार? जे करणार ते त्याने केलं. सामन्यानंतर सगळे चाकांबद्दल आणि मोटरींबद्दल बोलत होते. स्प्रिंगचं नाव मीच काढलं, आणि मुलं विषय बदलून वडापाव खायला गेली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकीच्या सगळ्या तक्रारी तिच्यावर उभ्या आहेत. यंत्राला मैदान खोटं असू शकतं हे कळत नाही. आपण त्याला जे दाखवू ते ते खरं मानतं. माणूस नवीन जिन्यावर पहिल्या पायरीला अडखळतो आणि दुसऱ्या पायरीला सावरतो. यंत्र शेवटच्या पायरीपर्यंत तेच करत राहतं. म्हणून सरावाचं मैदान चुकीचं असणं हे मैदान नसण्यापेक्षा वाईट. हे मुलांनाही पटतं. पटत नाही ते इतकंच, की मग मैदान करणाऱ्याच्या हातातली करवतही मोटरीइतकीच महत्त्वाची ठरते.

गाद्यांचं उदाहरण घ्या. खऱ्या गाद्या करड्या, सुमारे दीड सेंटिमीटर जाडीच्या. आपल्याकडे सहज मिळतात त्या लहान मुलांच्या, लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या, मधोमध एकेक अक्षर कापून बसवलेलं. एका पालकांनी मोठ्या मनाने अशा गाद्यांचा गठ्ठा आणून दिला. त्यांच्या भावनेबद्दल मी काही बोलणार नाही. पण डीकोडमध्ये यंत्राचा कॅमेरा चेंडू ओळखतो तो रंगावरून, हिरवा की जांभळा. आमच्या यंत्राने पहिल्याच दिवशी हिरवी गादी हा चेंडू समजून ती उचलायचा प्रयत्न केला. गादी उचलली गेली नाही, तेव्हा ते तिथेच गुरगुरत उभं राहिलं. तोवर त्याचं मागचं चाक शेजारच्या गादीतल्या 'ब' मध्ये अडकलं होतं. करड्या गाद्या शेवटी व्यायामाच्या सामानाच्या दुकानात मिळाल्या, पण त्या बारा मिलिमीटरच्या. पातळ गादी कमी दबते, त्यामुळे चाक वेगळं वागतं आणि यंत्राचा चाललेल्या अंतराचा हिशेब बिघडतो. मुलांनी तो आकडा बदलून घेतला. मी विचारलं, स्पर्धेच्या जागी पुन्हा बदलाल ना? म्हणाले, हो. विसरले. हा विसरही मैदानाच्या खात्यावर पडला.

चेंडू. खरे चेंडू भोकांचे, पॉलिप्रॉपिलीनचे, सुमारे पाच इंच व्यासाचे, एका मैदानाला २४ जांभळे आणि १२ हिरवे. तुळशीबागेत भोकांचा चेंडू मागितला तर पिकलबॉलचा दाखवतात, तो तीन इंचसुद्धा भरत नाही. पाच इंची मिळाले ते पांढरे. रंगवले. पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरत नाही, हे रंगाच्या डब्यावर लिहिलेलं नसतं. दोन दिवसांत जांभळ्याचे पोपडे उडाले आणि अर्धा पांढरा, अर्धा जांभळा चेंडू पाहून कॅमेऱ्याने त्याला चेंडू मानणंच सोडून दिलं. पोपडे पन्हळीत साठले. ही पन्हळ म्हणजे १६० मिलिमीटरचा सांडपाण्याचा नळ उभा चिरून केलेली, तिच्यात नऊ चेंडू एका ओळीत उभे राहतात, दार उघडलं की घरंगळत बाहेर येतात. नळ सरळ चिरण्यात मिस्त्रींची आणि माझी संपूर्ण दुपार गेली. पोपड्यांवर अडून सहावा चेंडू थांबायचा आणि मागचे तीन त्याच्या पाठीवर. मुलं बोटाने ढकलायची. मी सांगितलं, स्पर्धेत बोट चालणार नाही. तेव्हापासून पन्हळ रोज ओल्या फडक्याने पुसणं हे काम माझ्याकडे आलं.

आता सर्वांत गंभीर बाब. ती कागदाची आहे.

पेटीवर एक काळं-पांढरं चौकटीचौकटींचं चित्र असतं, त्याला एप्रिलटॅग म्हणतात. निळ्या पेटीवर २० क्रमांकाचं, लाल पेटीवर २४ चं. यंत्राचा कॅमेरा ते चित्र केवढं दिसतं यावरून पेटी किती लांब आहे ते ठरवतो आणि चेंडू किती जोरात टाकायचा ते ठरवतो. काळ्या चौकटीची बाजू ६.५ इंच, भोवतीचा पांढरा काठ धरून ८.१२५. हे चित्र छापून चिकटवायचं, एवढंच काम. मी फाईल घेऊन अप्पा बळवंत चौकातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याने छापलं. घरी मोजलं तर काळी बाजू ६.३ इंच आणि वर थोडी. अमेरिकेतला कागद साडेआठ इंच रुंद. आपला ए-फोर २१० मिलिमीटर, म्हणजे सव्वाआठ इंचांहून कणभर जास्त. संगणकाने तिकडचं पान आपल्या पानात बसवायला सगळं चित्र शंभराचे सत्त्याण्णव करून टाकलं. कोणाला विचारलं नाही. मी परत गेलो, म्हटलं हे लहान झालंय. मुलगा म्हणाला, "काका, फिट टू पेज येतं ते. दिसतंय ना सगळं?" दिसत होतं सगळं. तीच तर अडचण होती.

हिशेब सांगतो, तुम्हीही करून पाहा. चित्र पावणेतीन टक्क्यांनी लहान, म्हणून यंत्राला पेटी तेवढीच दूर वाटते. दहा फुटांवर ही तफावत सव्वातीन इंचांची. घरी मुलं त्या चित्रावरच जोर बसवून घेतात आणि चेंडू पेटीत पडतात. सगळे खूश. खऱ्या मैदानावर चित्र खऱ्या मापाचं, मग त्याच हिशेबाने टाकलेला चेंडू सव्वातीन इंच अलीकडे पडणार. काठावर आदळून बाहेर. लोक म्हणणार, मुलं दडपणाखाली आली. कोणाच्याही मनात झेरॉक्सचं दुकान येणार नाही. मी ते चित्र तिसऱ्या दुकानातून बरोबर मापाने छापून आणलं, पट्टी लावून त्या दुकानदाराच्या समोर मोजलं आणि पावतीवर '६.५ इंच, मोजून घेतले' असं लिहून घेतलं. रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पाहावंच. त्यांच्यातल्या कितीजणांचे नकाशे, अर्ज आणि दाखले असेच शंभराचे सत्त्याण्णव होऊन घरी जात असतील, याचा त्यांनी विचार करावा.

एवढं सगळं झाल्यावर मी नियमावली पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्यात एक कलम सापडलं. मैदानाच्या जोडणीत, वेगळं काही सांगितलं नसेल तर, अधिक-उणे एक इंचाचा फरक चालेल. एक इंच! पंचवीस मिलिमीटर वर आणि पंचवीस मिलिमीटर खाली. मी पुठ्ठ्याने एक मिलिमीटर चढवला, ओलीने चढलेला उतरवला, वहीत तारीखवार नोंदी केल्या, आणि तिकडे अधिकृत मैदान जोडणाऱ्यांच्या पदरात दोन इंचांची मोकळी जागा. मी ते कलम नातीपुढे ठेवलं. म्हटलं, आपल्या पेटीचा काठ तीन मिलिमीटर कमी आहे म्हणून तू काल संध्याकाळी जेवली नाहीस, हे वाच. तिने वाचलं. म्हणाली, "आबा, तिथली चूक आपल्या हातात नाही. इथली आहे ना."

नववीतल्या मुलीने असं म्हटल्यावर काय बोलणार? तिचं बरोबर आहे. मी दुसऱ्या दिवशी ते तीन मिलिमीटर भरून काढले. पण तिचं बरोबर असल्याने माझी तक्रार फिकी पडत नाही, उलट पक्की होते. तिथल्या एक इंचाचा भार इथे कोणीतरी पेलतो. जो पेलतो त्याला सवलत शून्य.

जागेचा प्रश्न मी थोडक्यात मांडतो, कारण तो सोसायटीच्या विषयपत्रिकेवर अजून प्रलंबित आहे. १२ फूट बाय १२ फूट कुठे मांडणार? गाडीची पार्किंगची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर. त्यात पूर्ण मैदान बसत नाही, अर्धं बसतं, ६ बाय १२, आजूबाजूला उभं राहायला जेमतेम जागा ठेवून. म्हणून आमचं मैदान अर्धं आहे, एका पेटीचं, १८ गाद्यांचं. ते माझ्या पार्किंगमध्ये आहे आणि माझी गाडी बाहेर गुलमोहराखाली पक्ष्यांच्या स्वाधीन आहे. यावर सचिवांचं पत्र आलं की सदर ज्वलनशील सामान सामायिक जागेतून तातडीने हलवावं. पार्किंग माझ्या नावावर आहे, सामान विद्यार्थ्यांचं आहे आणि ज्वलनशील म्हणाल तर शेजारच्या जागेत तीन स्कूटर पेट्रोल भरून उभ्या आहेत. तसं मी लेखी कळवलं, पोच घेतली. त्यानंतर कोणीतरी पेटीच्या काठावर ओला टॉवेल वाळत घालायला लागलं. टॉवेलाने प्लाय फुगतं. टॉवेल कोणाचा, ही चौकशी चालू आहे.

माळ्यावर मागच्या हंगामांचा साठा आहे. सेंटरस्टेजचे षटकोनी तुकडे, इन्टू द डीपच्या दीड बाय दीड बाय साडेतीन इंची ठोकळ्यांची पोती, आणि ज्याला यंत्रमानव लटकायचा तो ३६ इंच उंचीवरचा दांडा. त्याच्या वेल्डिंगसाठी मी फॅब्रिकेटरकडे इतका वेळ बसलो की त्याने मला त्याच्या मुलाच्या दहावीच्या निकालाबद्दल सांगितलं. बायको म्हणते हे सगळं भंगारात द्या. देणार नाही. डोलणारा खांब, लटकायचा दांडा, पन्हळ ही शिकलेली कामं आहेत आणि पुढच्या वर्षी खेळात काय येईल हे कोणाला माहीत नसतं.

या स्पर्धेत पुरस्कार पुष्कळ असतात, आणि ते केवळ जिंकणाऱ्यांना नसतात हे मला मनापासून आवडतं. अभियांत्रिकी विचारासाठी थिंक, यंत्राच्या बुद्धीसाठी कंट्रोल, रचनेसाठी डिझाइन, सगळ्यांत मोठा इन्स्पायर. मार्गदर्शक मोठ्या माणसासाठी कंपास नावाचा ठेवल्याचंही मी वाचलं. मैदान करणाऱ्याला काही नाही. पुरस्कार राहू द्या. टीमने परीक्षकांपुढे पंधरा पानांची वही ठेवायची असते, मुखपृष्ठ वेगळं. मी एका ओळीची मागणी केली. 'सरावाचं मैदान घरी तयार केलं, मापं रोज तपासली.' माझं नावसुद्धा नको. मुलांनी दोन दिवस चर्चा केली आणि कळवलं की जागा नाही. पंधराव्या पानावर सगळ्यांचा हसरा फोटो आहे. फोटोत मागे माझी पेटी आहे, वरचा भाग कापलेला.

हे काही आजचं नाही, म्हणून मी मुलांवर रागावत नाही. एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन ही महाविद्यालयांची स्पर्धा पुण्यात दोनदा आंतरराष्ट्रीय पातळीवर झाली. २००८ साली विषय होता गोविंदा, यंत्रांनी दहीहंडीपर्यंत पोचायचं. हंड्या आपल्या, उंची आपली, उत्सव आपला. २०१४ साली तर विषयच आईवडिलांना वंदनाचा होता. एक पालक यंत्र, एक बाळ यंत्र, आणि मैदानात सी-सॉ, झोका, खांब, चढायची जाळी, सगळं बागेतलं. त्या वर्षी देशोदेशींच्या महाविद्यालयांत किती लोकांनी सरावासाठी झोके, सी-सॉ आणि जाळ्या उभ्या केल्या असतील! सुतार, वेल्डर, कार्यशाळेतले मदतनीस, आणि हो, काही आईवडीलही. वंदन पालक यंत्राला झालं.

माझी मागणी स्पष्ट आहे आणि ती पुढच्या सप्टेंबरच्या आत मान्य व्हायला हवी. टीमच्या वहीत एक ओळ. पालकसभेचं बोलावणं. सोसायटीने वर्षातले सहा महिने शेजारची पार्किंगही द्यावी, म्हणजे १२ बाय १२ पूर्ण बसेल आणि मुलांना दुसऱ्या पेटीकडे वळायचा सराव होईल. त्यांना त्याची खरी गरज आहे. अर्ध्या मैदानावर सराव केलेली मुलं स्पर्धेत डावीकडे वळताना थबकतात, हे मी पाहिलं आहे, आणि ते मला बघवत नाही.

वाचकांना मात्र एकच विनंती. गणपतीचा मांडव उतरला की मंडळांकडे चांगलं प्लाय उरतं आणि ते बहुधा पावसात भिजत पडतं. तुमच्या मंडळाकडे १८ मिलिमीटरचं, कडा न फुटलेलं, कोरडं प्लाय असेल तर ते जवळच्या शाळेच्या रोबोटिक्स टीमला द्या. आठ बाय चारचे तीन तक्ते पुरतात. देण्याआधी जाडी मोजा आणि जी भरेल तीच चिठ्ठीवर लिहा.